आधी शेवटच्या रांगेत बसा: वर्गखोली आणि घरातला अभ्यासाचा कोपरा

शाळेला थोडा निधी मिळाला की पहिला उघडतो तो रंगाचा डबा. भिंतींवर फुलपाखरं उडतात, दारावर हसरा सूर्य येतो, फोटो निघतात. खोली मात्र तशीच राहते: मार्चमध्ये भाजणारी, जुलैत अंधारी आणि कोपऱ्यातल्या मुलाला फळा न दिसणारी. घरी वेगळं नाही. कार्टूनचं टेबल येतं आणि पोरगं पलंगावर पालथं पडूनच गृहपाठ करतं. रंगाला विरोध नाही, पण त्याचा नंबर शेवटचा. आधी ऊन, मग उजेड, मग बैठक, मग आवाज. पैसे या क्रमाने घालावेत.

खर्च ठरवण्याआधी एक दिवस मुलांच्या जागी बसा. सतरंजीवर, शेवटच्या रांगेत, दोन्ही कोपऱ्यांत. सकाळी अकराला, जेवणानंतर आणि चारच्या सुमाराला. त्याआधी फळ्यावर नेहमीच्या अक्षरात चार शब्द लिहून ठेवा: विद्यार्थी, सुद्धा, घर, धरण. मागून ‘द्य’ आणि ‘द्ध’ वेगळे दिसतात का? ‘घ’ आणि ‘ध’? दिसत नसतील तर मुलं अंदाजाने वाचतायत, आणि शुद्धलेखनाचे काही लाल शेरे त्या अंदाजाचे आहेत. उन्हाचा कवडसा फळ्यावर पडून कुठला भाग पांढरा होतो, तेही तिथूनच कळतं. उभ्या शिक्षकाला तो कधीच दिसत नाही.

ऊन

विदर्भ-मराठवाड्यात सकाळची शाळा सुरू झाली तरी अकराच्या पुढे स्लॅब अंगावर येतो. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे छपराला चुना. १० किलो चुना पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळा, त्यात अर्धा ते एक किलो फेव्हिकॉलसारखा गोंद घाला आणि ताकाइतकं पातळ होईपर्यंत पाणी घाला. स्लॅब झाडून, शेवाळ खरवडून, ओला करून मग पहिला हात द्यायचा. तो सुकला की दुसरा, आडव्यावर उभा. काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करा. भर दुपारी मारलेला चुना पाणी उडून जाऊन भुकटी होतो, बोटाला लागतो आणि पहिल्याच वळवात वाहून जातो. नीट बसला तर दुपारी खोलीत दोन-चार अंशांचा फरक जाणवतो. पावसाळ्यानंतर दरवर्षी पुन्हा मारावा लागतो, हे धरून चाला. कळीचा चुना असेल तर तो पाण्यात उकळतो. प्लॅस्टिकची बादली नको, पत्र्याचा डबा घ्या, डोळ्यांना चष्मा लावा आणि मुलांना या कामापासून लांब ठेवा.

पत्र्याच्या छपरावर हा चुना वापरू नका. गुळगुळीत पत्र्यावर तो धरत नाही, शिवाय ओला चुना जस्ताचा थर खातो आणि गंज लवकर येतो. तिथे छपरासाठी मिळणारा पांढरा रंगच लावा.

मग खिडक्या. समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या असूनही वारा येत नसेल तर बहुतेक वेळा एका खिडकीपुढे कपाट असतं आणि वरच्या झरोक्याला कबुतरांसाठी म्हणून पुठ्ठा ठोकलेला असतो. गरम हवा वरच साचते, तिला तेवढीच वाट असते. पुठ्ठा काढून जाळी बसवा. कपाट खिडकी नसलेल्या भिंतीला न्या. कपाट हलवायला एक पैसा लागत नाही.

उजेड

हिशोब एकदा करून पाहावा. २० बाय २५ फुटांची खोली म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. लिहिण्या-वाचण्यासाठी ३०० लक्स उजेड धरतात. दिव्यातून निघणारा उजेड ल्युमेनमध्ये मोजतात, आणि एका चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला की तो एक लक्स. २० वॅटची चार फुटी एलईडी पट्टी सुमारे २,००० ल्युमेन देते, आणि त्यातला अर्धा उजेड वहीपर्यंत पोचतो असं धरलं तर सहा पट्ट्यांतून मिळतात जेमतेम १३० लक्स. उरलेलं खिडकीने भागवायचं असतं. म्हणून छत आणि खिडकीच्या आतल्या कडा पांढऱ्या ठेवा, गडद रंग कमरेच्या खाली. खालचा पट्टा ऑइलपेंटचा असला तर मळ पुसता येतो. वर मात्र डिस्टेंपर बरा, कारण ऑइलपेंटची भिंत चमकते आणि ती चमक डोळ्यांत जाते.

पट्ट्या भिंतीला ठोकायची सवय आहे, वायर कमी लागते म्हणून. त्यामुळे उजेड पडतो कडेला, मुलं बसतात मधे. त्या छताला, बसण्याच्या जागेवर आणा. एक पट्टी फक्त फळ्यासाठी ठेवा, फळ्याच्या भिंतीपासून अडीच-तीन फूट पुढे. आणि एक चूक सर्रास दिसते: दिवा पंख्याच्या पात्यांच्या वर. पंखा फिरला की वहीवर सावल्यांची लुकलुक सुरू होते, तासाभरात डोकं दुखतं, आणि दोष जातो मुलाच्या डोळ्यांना. दिवा पात्यांच्या खालच्या पातळीत किंवा पुरेसा बाजूला हवा.

खिडकी मुलांच्या डाव्या हाताला यावी, म्हणजे उजव्या हाताची सावली अक्षरावर पडत नाही. उजवीकडेही खिडकी असेल तर जी मुलं डावखुरी आहेत त्यांना रांगेच्या त्या टोकाला बसवा. खिडकी फळ्याच्या भिंतीतच असेल तर तिला जाड पडदा लावा. उजेडाकडे तोंड करून फळा वाचता येत नाही.

फळा करडा पडला असेल तर खडू बदलून उपयोग नाही. पॉलिश पेपरने घासा, ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, फळ्याच्या रंगाचे दोन पातळ हात द्या आणि किमान एक पूर्ण दिवस त्याला हात लावू नका. त्यानंतर खडू आडवा धरून सगळा फळा पांढरा करा आणि कोरड्या डस्टरने पुसा. ही पायरी गाळली तर पहिलं लिहिलेलं अक्षर कायमचं उमटून राहतं. अक्षराचं माप: शेवटची रांग २० फुटांवर असेल तर मात्रा-वेलांटी सोडून नुसत्या अक्षराची उंची पाच सेंटिमीटर. इंग्रजीला तीन चालतात. देवनागरीत मात्र वरचा रफार आणि पोटातली जोडाक्षराची गाठ दिसायला हवी. दोन ओळींत अक्षराएवढीच मोकळी जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो.

बैठक

पहिली-दुसरीसाठी फळ्याची खालची कड जमिनीपासून दोन फुटांवर ठेवा, म्हणजे त्यांनाही लिहिता येईल. मोठ्यांना अडीच-तीन फूट.

जमिनीवर बसण्यात वाईट काही नाही. वाईट आहे ते वही जमिनीवर ठेवून लिहिणं, त्यात पाठीची कमान होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ९-१० इंच उंचीचं बैठं डेस्क पुरतं, मांडी त्याखाली जाते. वरची फळी मुलापासून लांबच्या बाजूला दोन इंच उचललेली असली तर मान कमी वाकते. पेन्सिल घरंगळू नये म्हणून मुलाकडच्या कडेला पातळ पट्टी ठोका. पावसाळ्यात शहाबादी फरशीला घाम येतो, सतरंजी खालून दमट होते आणि कुबट वास धरते. खाली प्लॅस्टिकचा कागद घाला आणि उघडीप मिळेल त्या दिवशी सतरंज्या उन्हात टाका.

घरी बहुतेक मुलं डायनिंग टेबलवर लिहितात. टेबल ३० इंच, खुर्ची १८ इंच, दोन्ही मापं मोठ्या माणसाची. १३० सेंटिमीटर उंचीच्या मुलाला खरं तर १४ इंचांची बैठक आणि २३ इंचांचं टेबल लागतं, म्हणजे दोहोंत नऊ इंचांचं अंतर. नवं काही न घेता हे जमतं. खुर्चीवर घट्ट घडी केलेली गोधडी घालून बैठक २१ इंचांवर आणा. मऊ उशी नको, ती दबते आणि मूल एका बाजूला कलतं. आता पाय लोंबकळतात, त्यांना सात इंचांचा आधार द्या: तीन इंची विटांचे दोन थर आणि वर एक इंचाची फळी. ही फळी विसरली जाते. पाय अधांतरी राहिले की मूल सरकत पुढे येतं, खुर्चीच्या कडेवर टेकतं, दहा मिनिटांत चुळबुळ सुरू होते आणि आपण म्हणतो, ह्याचं लक्षच नाही.

आवाज

खोलीच्या मधे उभं राहून एक टाळी वाजवा. आवाज घुमला तर मागच्या मुलांना शब्दांच्या शेवटचे प्रत्यय ऐकू येत नाहीत. ‘घराने’ आणि ‘घराला’ यांतला फरक पुसला जातो. फळ्यासमोरच्या भिंतीवर जुन्या सतरंज्या किंवा गोधड्या टांगा, स्विचबोर्डापासून दूर. थर्माकोल लावू नका, त्याने आवाज फारसा शोषला जात नाही आणि आग मात्र झटकन पकडते. बाकांच्या पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधा.

आता रंग

भिंती भरून टाकू नका. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली बालवाडीच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात, सजावटीने खच्चून भरलेल्या वर्गात मुलांचं लक्ष जास्त वेळ भरकटलं आणि शिकणंही कमी झालं. फळ्याची भिंत कोरी ठेवा. मुलांची कामं मागच्या किंवा बाजूच्या भिंतीवर, सुतळीला चिमट्याने, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा आणि महिन्याला बदला. धूळ खाल्लेला ऑगस्टमधला तिरंगा डिसेंबरमध्ये कुणी बघत नाही.

चित्रांपेक्षा वापरात येणारं काही रंगवा. दिल्लीच्या ‘विन्यास’ या संस्थेने मांडलेल्या ‘बाला’ कल्पनेत, म्हणजे इमारतच शिकवण्याचं साधन, दाराखालचा कोनमापक आहे. आत उघडणाऱ्या दाराच्या बिजागरीच्या खिळ्याखाली फरशीवर बिंदू घ्या. दार बंद करून, बिजागरी दिसते त्या बाजूच्या कडेने रेघ मारा, ती शून्य अंश. अडीच फुटांच्या दोरीने कंस काढा. त्याच दोरीने शून्याच्या टोकापासून कंसावर खूण केली की ६० अंश मिळतात, तिचा मध्य ३०, आणि ६० च्या पुढे आणखी ३० टाकले की ९०. ऑइलपेंटचे दोन हात, अक्षरं मोठी. बहुतेक ठिकाणी हा फसतो कारण बिंदू बिजागरीऐवजी भिंतीच्या कोपऱ्यात घेतलेला असतो; मग दार कुठल्याच रेघेला लागत नाही, आणि मुलं गणिताला हसतात.

छोट्या घरात

वन रूम किचनमध्ये वेगळी खोली कुठून आणणार? टीव्हीकडे पाठ होईल अशी अडीच फूट भिंत पुरते. १८ मिलिमीटर प्लायची अडीच फूट बाय दीड फूट फळी, दुमडणारे दोन ब्रॅकेट, ८ मिलिमीटरचं ड्रिल, प्लग आणि पुरेसे लांब स्क्रू. चाळीच्या जुन्या भिंतीत गिलावा जाड असतो. स्क्रू विटेपर्यंत गेला पाहिजे, नाहीतर महिन्याभरात फळी हातात येते. फळीला चकचकीत सनमायका नको, मॅट घ्या. दिवा ७ ते ९ वॅटचा, ४,००० केल्विनचा (म्हणजे फार पिवळा नाही, फार निळसरही नाही), डाव्या बाजूला. त्याचा बल्ब बसलेल्या मुलाच्या डोळ्याला दिसता कामा नये. खोलीतला मोठा दिवाही चालू ठेवा. अंधारात एकच दिवा लावला की डोळे लवकर शिणतात.

ब्रॅकेट थेट भिंतीवर न बसवता आधी दोन उभ्या लाकडी पट्ट्या ठोका आणि ब्रॅकेट त्या पट्ट्यांवर बसवा. दर जूनमध्ये, वह्यांना कव्हरं घालायच्या दिवशी, मुलाला बसवून कोपराची उंची मोजा. फळी वर्षाला साधारण पाऊण इंच वर न्यावी लागते, आणि पट्ट्या असल्या की भिंतीला नवी भोकं पडत नाहीत.