गॅरेज सेलमध्ये जुनी मिनीबाइक मिळाली? पाना नंतर, आधी ओळख पटवा

अमेरिकेत, त्यातही मिडवेस्टात राहणाऱ्यांना हे माहितीये, उन्हाळ्यात गॅरेज सेल फिरताना लॉनमोवरच्या मागे एखादी गुडघ्याएवढी गंजकी दुचाकी पडलेली असते, लांबट सीट, बुटकी चाकं, दोरी ओढून चालू करायचं इंजिन, आणि घरमालक म्हणतो चालत नाही, काय द्यायचं ते द्या. ही बहुतेकदा ६०-७० च्या दशकातली मिनीबाइक असते, तेव्हा तिकडच्या पोरांमध्ये हिची प्रचंड क्रेझ होती. घ्या बिनधास्त, पण घरी आणल्या आणल्या सँडपेपर आणि स्प्रेचा डबा काढू नका. ती नक्की कोणती आहे हे कळायच्या आधी रंग खरवडला की ओळखीचा निम्मा पुरावा गेला, आणि किंमतही त्याच्याबरोबर गेली.

ओळख पटवायला सगळे जण पहिल्यांदा इंजिन बघतात आणि तिथेच फसतात. या गाड्या बनवणाऱ्या कंपन्या ढिगाने होत्या, पण इंजिन मात्र बहुतेकांनी बाहेरून घेतलं, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं नाहीतर टेकमसेचं. त्यामुळे इंजिनवर ब्रिग्ज लिहिलंय म्हणजे गाडी ब्रिग्जची, असं नसतं. सिअर्स, माँटगोमेरी वॉर्ड असल्या दुकानांनी दुसऱ्यांकडून बनवून घेऊन आपलं लेबल लावून विकलेल्या गाड्याही आहेत, म्हणजे अजून घोळ.

तरी इंजिनचा नंबर वाचाच, त्यात मजा आहे. ब्रिग्जवर फ्लायव्हीलच्या, म्हणजे क्रँकच्या टोकावर फिरणाऱ्या जड चाकाच्या, पत्र्याच्या कव्हरवर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन नंबर ठोकलेले असतात. मॉडेलचे सुरुवातीचे आकडे म्हणजे क्युबिक इंचातली साइज, ८ ने सुरू होणारं पाच आकडी मॉडेल म्हणजे साधारण १३० सीसी, तीन हॉर्सपॉवरवालं. कोडमध्ये पहिले दोन आकडे वर्ष, पुढचे दोन महिना, त्यापुढचे दोन तारीख. म्हणजे ७००४१५ ने सुरू झाला तर १५ एप्रिल १९७०. टेकमसेच्या सिरियल नंबरात पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा आणि पुढचे तीन वर्षातला कितवा दिवस ते. ९१०५ असेल तर १५ एप्रिल, पण १९६९ की १९७९ हे तो नंबर सांगणार नाही, ते बाकी गाडीवरून ताडायचं. आणि ब्रिग्जचा नंबर पत्र्यावर असतो, पत्रा चार बोल्ट काढले की बदलता येतो, हे विसरू नका! पन्नास वर्षांत कुणी काय कशावर बसवलं असेल देव जाणे. इंजिनची तारीख ही इंजिनची तारीख, गाडीची नाही.

गाडीची खरी ओळख फ्रेममध्ये. पाइप कुठे वाकवलाय, कुठे वेल्ड केलाय, इंजिनखालची प्लेट कशी आहे, पुढे सस्पेन्शन आहे की सरळ दांडा, ब्रेक ड्रमचा आहे की टायरवर घासणारा पत्रा. सगळे फोटो काढून जुन्या जाहिराती आणि कॅटलॉगशी जुळवायचे. रप ही ओहायोतल्या मॅन्सफिल्डची कंपनी, मालक मिकी रप स्वतः १९६५ ला इंडी ५०० या कार रेसमध्ये धावलेला रेसर, त्याच्या गाड्यांना आजही सगळ्यात जास्त मागणी. स्टीन कंपनीची टॅको ही मिनीबाइक कॅलिफोर्नियातली, बोनान्झा पण तिकडचीच, आणि आर्क्टिक कॅट म्हणजे मिनेसोटाचे स्नोमोबिलवाले, त्यांनीही हा उद्योग करून बघितला. फ्रेमवर नंबर नसला तर घाबरू नका, खूप गाड्यांवर तो नसतोच किंवा कागदी स्टिकर होता तो उडालाय. टॉर्च तिरका धरून टाकीवर आणि चेनगार्डवर बघा, जिथे स्टिकर होता तिथला रंग कमी उडालेला असतो, कधीकधी अख्खं नाव वाचता येतं. वर कुणी ब्रशने रंग फासला असेल तर कोपऱ्यात हळूहळू ओल्या बारीक पॉलिश पेपरने थर उतरवा. कोरडं घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

आता इंजिन. पहिली गोष्ट, हे फोरस्ट्रोक आहे. लूनावर वाढलेला आपला माणूस सवयीने पेट्रोलमध्ये ऑइल मिसळतो, इथे ते करायचं नाही. ऑइल खाली क्रँककेसमध्ये, साधारण ६०० मिली एसएई ३०, आणि आत फिल्टर नाही पंप नाही, नुसतं चमच्यासारखं काहीतरी फिरून ऑइल उडवतं. म्हणून जुनं काळं ऑइल काढल्याशिवाय दोरी ओढू नका. इंजिन जाम असेल तर प्लग काढून भोकात पेनिट्रेटिंग ऑइल सोडा आणि चार दिवस विसरून जा, जोर लावायचा नाही. सुटलं की प्लग परत लावून फ्लायव्हील हाताने उलट फिरवा, ताडकन मागे उसळलं तर कॉम्प्रेशन, म्हणजे आतली हवा दाबली जाणं, ठीक आहे. ब्रिग्जला गेज लावून आकडा बघत बसू नका, चालू करायला सोपं जावं म्हणून त्यात प्रेशर थोडं मुद्दाम सोडलेलं असतं, आकडा कमीच येतो.

स्पार्क नसेल तर दहातल्या नऊ वेळा पॉइंट, म्हणजे स्पार्कसाठी उघडझाप करणारे छोटे कॉन्टॅक्ट. ते फ्लायव्हीलच्या खाली, आणि फ्लायव्हील काढायला पुलर (खेचून काढायचं हत्यार) वापरा, क्रँकच्या टोकावर हातोडी नको. पॉइंटवर पांढुरकी बुरशी धरलेली दिसेल, बारीक पेपरने पुसा, मग साधा जाड कागद आतून ओढून घ्या म्हणजे धूळ राहत नाही, गॅप ०.०२० इंच. तिथेच फ्लायव्हील क्रँकवर जागेवर धरणारी एक छोटी मऊ धातूची पट्टी, म्हणजे की, असते, ती अर्धवट कापली गेली असेल तर टायमिंग सरकतं आणि दोरी हातातून हिसकावली जाते. बदलायची तर तशीच मऊ घाला, स्टीलची घालाल तर झटका बसल्यावर कीऐवजी क्रँक किंवा फ्लायव्हील जाईल.

पेट्रोलचं म्हणाल तर कार्बोरेटर उघडावाच लागणार. ब्रिग्जचा कार्बोरेटर टाकीवरच बसलेला असेल तर मधे एक पातळ डायफ्रॅम असतो, तो वाळून कडक झालेला असणारच, नवा स्वस्तात मिळतो. टेकमसेचा फ्लोटवाला असेल तर खालचा वाटीचा नट नुसता नट समजून फेकू नका, बऱ्याच मॉडेलमध्ये तोच जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं भोक, असतो, उजेडासमोर धरा, बाजूला केसाएवढं भोक दिसेल, ते बुजलेलं असतं. वायरीतली तांब्याची एकच बारीक तार काढून साफ करा, सुई घालून मोठं करू नका. टाकीत गंज असेल तर व्हिनेगर आणि मूठभर नट घालून हलवा, लगेच पाण्याने धुवा आणि वाळवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी परत लाल.

चेन घ्यायच्या आधी मोजा. ३५ नंबरच्या चेनचा पिच (एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर) ३/८ इंच, ४०, ४१ आणि ४२० या तिघींचा अर्धा इंच पण रुंदी सगळ्यांची सारखी नाही. दुकानदार म्हणतो बसेल, आणि दोन रस्ते पुढे जाऊन उतरते. क्लच घेताना क्रँकचा व्यास बघा, लहान इंजिनला ५/८ इंच, मोठ्याला ३/४.

क्रोमवरचा गंज अ‍ॅल्युमिनियम फॉइल ओलं करून घासलं की बऱ्यापैकी निघतो, क्रोमच पोखरलेलं असेल तर सोडून द्या. रंगाचं माझं मत विचाराल तर ओरिजिनल रंग साठ टक्के जरी शिल्लक असला तरी तसाच ठेवा, धुवा, मेण लावा, बस. चकचकीत नवा रंग कधीही देता येतो, जुना परत आणता येत नाही.

आणि ते गव्हर्नर (इंजिनचा वेग आवरणारा भाग) काढून जोरात पळवायचे व्हिडिओ बघून भुलू नका. हे इंजिन ३६०० आरपीएमसाठी बनवलंय, त्याच्या फार वर गेलं की जुनं ओतीव फ्लायव्हील फुटू शकतं आणि ते तुमच्या पायाच्या शेजारीच फिरतंय. रस्त्यावरही न्यायची नाही, यांना रस्त्याची परवानगी नसते, स्वतःच्या किंवा ओळखीच्याच्या जागेत, हेल्मेट घालून. त्याआधी ब्रेक दाबून गाडी ढकलून बघा, चाक अडलं पाहिजे. पहिली टाकी संपली की ऑइल परत बदला, आतला सगळा गाळ त्यात उतरलेला दिसेल, आणि गाडी थंडीत उभी करायची असेल तर कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवून मगच ठेवा.