शौलाच्या मत्सराचे अध्याय कसे वाचावेत

बायबलमधील पहिल्या शमुवेलाच्या पुस्तकातील, इस्राएलाचा पहिला राजा शौल आणि त्याच्यानंतर राजा होणारा दावीद यांची कथा बहुतेकांना दाविदाने केलेल्या पलिष्टी योद्धा गल्याथाच्या वधापर्यंत ठाऊक असते. तिचा खरा भार मात्र त्यापुढच्या १८ ते २२ या अध्यायांत आहे. हे अध्याय एकट्याने वाचायचे असोत वा अभ्यासवर्गात, आरंभ ८व्या अध्यायापासून करावा. राजा मागणाऱ्या इस्राएल लोकांना संदेष्टा शमुवेल तेथे बजावतो की, राजा तुमची शेते व द्राक्षमळे घेईल आणि आपल्या सेवकांना देईल. ही ओळ पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवावी, कारण ती पुन्हा लागणार आहे.

१८व्या अध्यायात विजयाचे गाणे गाणाऱ्या स्त्रिया दाविदाला शौलापेक्षा मोठा आकडा देतात आणि त्या दिवसापासून राजाची नजर फिरते. येथे मत्सर या दुर्गुणावर चर्चा रंगवण्याचा मोह होतो, तो आवरावा. मत्सर कोणालाही होतो, पण राजाच्या मत्सराच्या दिमतीला सैन्य, नोकर आणि स्वतःच्या मुलीही असतात. म्हणून प्रत्येक प्रसंगी एकच प्रश्न विचारावा: या वेळी राजाने कोणाचा हात वापरला? उत्तरे वहीत एकाखाली एक लिहावीत. आधी स्वतःचा भाला. मग इस्राएलाचे शत्रू असलेल्या पलिष्ट्यांचा हात, कारण आपली मुलगी मीखल हिच्या दाविदाशी लग्नासाठी १०० पलिष्ट्यांच्या अग्रत्वचा मागण्यामागे दावीद त्यांच्याकडून मारला जावा हाच हेतू होता, असे ग्रंथकार उघड सांगतो. मग आपला मुलगा योनाथान व सेवक यांना दिलेली दाविदाला मारण्याची आज्ञा. आणि अखेर रात्री दाविदाच्या घरावर पाठवलेली माणसे. शौलाला छळणाऱ्या दुष्ट आत्म्याचा उल्लेख वगळू नये, मात्र सगळा दोष त्याच्यावर ढकलूही नये.

सर्वाधिक वेळ २२व्या अध्यायाला द्यावा आणि तो एखाद्या खटल्याच्या कागदपत्रांसारखा, सावकाश वाचावा. गिबा येथे झाडाखाली, हातात भाला घेऊन बसलेला शौल आपल्याच बन्यामिनी वंशाच्या माणसांना विचारतो की, इशायाचा मुलगा (म्हणजे दावीद) तुम्हाला शेते व द्राक्षमळे देणार आहे काय? आता अधोरेखित ओळ उघडावी, म्हणजे शमुवेलाने जे संकट म्हणून सांगितले होते तेच राजा निष्ठेची किंमत म्हणून मोजतो आहे, हे ध्यानात येईल. तो दाविदाचे नावही उच्चारत नाही. त्यानंतर शौलाचा सेवक अदोमी दवेग याची साक्ष २१व्या अध्यायाशी ताडून पाहावी. अहीमलेख याजकाने पळून आलेल्या दाविदाला भाकर आणि गल्याथाची तलवार दिली हे खरेच आहे; मात्र आपण राजाच्या गुप्त कामावर आहोत असे दाविदाने त्याला खोटे सांगितले होते, ही गोष्ट त्या साक्षीत येत नाही. अहीमलेख दाविदाला नावाने संबोधतो, राजाचा विश्वासू जावई म्हणतो, आणि त्याचे बोलणे संपताच त्याला मृत्युदंड मिळतो.

राजाचे पहारेकरी याजकांवर हात टाकायला तयार होत नाहीत. वर्गात वाचत असाल तर या ओळीपाशी थांबावे आणि घाईने पुढे जाऊ नये. माझ्या मते या पाच अध्यायांतील सर्वांत धीराची कृती हीच आहे, आणि ती करणाऱ्यांची नावेसुद्धा नोंदलेली नाहीत. मग दवेग एफोद हे याजकांचे वस्त्र घालणाऱ्या ८५ जणांना ठार करतो, आणि नोब या याजकांच्या नगरातील पुरुष, स्त्रिया, तान्ही बाळे, बैल, गाढवे, मेंढरे यांवर तलवार चालते. ही यादी १५व्या अध्यायातील यादीशेजारी ठेवावी: तेथे अमालेकी या शत्रू लोकांबाबत जवळजवळ हेच शब्द देवाने शौलाला दिलेल्या आज्ञेत आले होते, आणि शौलाने त्यांचा राजा अगाग व उत्तम जनावरे राखून ठेवली होती.

अहीमलेखाचा मुलगा अब्याथार तेवढा निसटून दाविदाकडे येतो. दावीद त्याला सांगतो की, तुझ्या घराण्यातील सर्वांच्या मृत्यूला मीच कारण झालो. हे वाक्य वहीत उतरवून घ्यावे आणि पुढच्या बैठकीसाठी दुसऱ्या शमुवेलाचा ११वा अध्याय नेमावा, जेथे राजा झालेला दावीद आपलाच सैनिक उरीया याला युद्धाच्या तोंडी देण्याचा हुकूम लिहितो आणि ते पत्र उरीयाच्याच हाती पाठवतो.