ऑस्प्रे टिपायला निघालात? आधी तिथी बघा

तीन दिवसांत चौदाशे फोटो काढले आणि त्यात ऑस्प्रेचा, म्हणजे त्या मासे पकडणाऱ्या शिकारी पक्ष्याचा, डोळा नीट दिसेल असा एकही नाही, ही माझी कोकणातल्या आंजर्ल्याच्या खाडीवरची पहिली ट्रिप. हे आधीच सांगून टाकतो कारण पुढे मी जरा शहाणपणा शिकवल्यासारखं बोलणार आहे, तेव्हा तो आकडा लक्षात असू द्या.

शटर, अपर्चर वगैरे तुम्हाला येतं असं धरतो. नाशिकचे असाल तर हात नांदूरमध्यमेश्वरलाच बसलेला असणार, माझाही तिथलाच. गोदावरी-कादवाच्या संगमावरचं ते पाणी २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं आणि तेव्हापासून रविवारी तिथे कॅमेरेवाल्यांची गर्दी पक्ष्यांपेक्षा जास्त वाटते, असो. हिवाळ्यात तिथे ऑस्प्रे येतो, मराठीत कैकर, मी तो पहिल्यांदा तिथेच बघितला, लांबून, पायात मासा घेऊन जाताना. मासा कसा, तोंड पुढे करून, विमानाला खाली टाकी लावावी तसा सरळ धरलेला. बस, डोक्यात बसलं की आता समुद्रावर जायचं.

जायच्या आधी एका गुरूंकडे दोन दिवसांचं वर्कशॉप केलं, साडेसहा हजार मोजले. सेटिंग्ज शिकवल्या, एडिटिंग शिकवलं, कुठली लेन्स घ्यावी यावर दीड तास बोलले (जी त्यांच्याकडेच जुनी विकायला होती). पण पाण्याबद्दल एक शब्द नाही. माझं प्रामाणिक मत, पहिल्या वर्षी वर्कशॉपवर पैसे घालू नका, त्या पैशात कोकणात दोन फेऱ्या होतात. कोणाला राग आला तर येऊ दे.

आता ती चूक. आपण धरणावर शिकलेली माणसं. गंगापूर धरणाचं पाणी सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी असतं, त्यामुळे आपल्या डोक्यात वेळ म्हणजे फक्त सूर्य, उजाडताना पोचायचं आणि ऊन तापलं की डबा खाऊन परत. मी तेच केलं. दत्तजयंतीला जोडून रजा टाकली, रात्री कसारा घाट उतरून सकाळी सातला खाडीवर हजर. समोर बघतो तर खाडीच नाही, नुसता चिखल. पाणी कुठेतरी मधे एका पट्ट्यात, त्यात जाळी बांधायचे खुंट, आणि एका खुंटावर ऑस्प्रे, माझ्या लेन्समधून तांदळाएवढा. म्हटलं थोडं जवळ जाऊ. दहा पावलांत गुडघ्यापर्यंत रुतलो, एक चप्पल अजून तिथेच आहे, ट्रायपॉडचा पाय काढायला जोर लावला तसा पक्षी उडून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सातला. तिसऱ्या दिवशी पण. म्हणजे चूक तीच, वेळ तीच, फक्त चप्पल नवी.

तिसऱ्या दिवशी होडी दुरुस्त करत बसलेल्या एका काकांनी विचारलं, "आज तिथी काय रे?" मी म्हटलं माहीत नाही काका. ते हसलेच, "नाशिकचा ना तू? रामकुंडावर एवढे भटजी बसतात आणि तुला तिथी नाय माहीत?" खूप लागलं ते, कारण खरंच होतं. दत्तजयंती म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा, हे मला लहानपणापासून माहीत आहे, घरी प्रसाद असतो. पण पौर्णिमा म्हणजे उधाण, सगळ्यात मोठी भरती-ओहोटी, आणि उधाणाला आपल्या किनाऱ्यावर सकाळी सहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी, हा पुढचा धागा डोक्यात कधी जोडलाच नव्हता.

हे नीट समजून घ्या, मी दोनदा सांगणार आहे. किनाऱ्यावरच्या लोकांचा साधा हिशेब आहे, तिथीची पाऊणपट करायची, जेवढे तास येतील तेवढ्या वाजता भरती, एकदा दिवसा एकदा रात्री, आणि भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. उदाहरण घ्या, संकष्टी. चतुर्थी म्हणजे चार, पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला भरती आणि सकाळी नऊला तळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, सकाळी सहाला भरती, मग दुपारी बारापर्यंत पाणी उतरत राहणार. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. भरती रोज पाऊण तासाच्या वर पुढे सरकते म्हणून ही पाऊणपट. मिनिटाला मिनिट जुळत नाही, खाडीत जितकं आत जाल तितका उशीर होतो, पक्की वेळ मोबाइलवरच्या भरतीच्या तक्त्यात बघाच. पण सुट्टी कधी टाकायची हे घरबसल्या ठरवायला एवढं पुरतं.

आणि तुम्हाला पाहिजे काय तर सकाळचं ऊन आणि उतरतं पाणी एकत्र. पाणी उतरताना मासा खाडीच्या मधल्या धारेत गोळा होतो, उथळ होतो, आणि ऑस्प्रे जेमतेम मीटरभर खोल जाऊ शकतो त्यामुळे त्याला तेच हवं असतं. पूर्ण ओहोटीला तो लांब मधे, पूर्ण भरतीला सगळीकडे पाणीच पाणी, मासा पसरलेला. म्हणून सप्तमी, अष्टमी, नवमी. या दिवसांत भांगाची भरती असते, पाणी फार चढतही नाही फार उतरतही नाही, म्हणजे तो किलोमीटरभर चिखलही नसतो. पुन्हा सांगतो, पौर्णिमा-अमावास्येला सकाळच्या फोटोसाठी जाऊ नका. लाँग वीकेंड आहे म्हणून तर अजिबात नको.

घाबरू नका पण, हे एकदा कळलं की बाकीचं खरंच सोपं आहे. उजेडाचं बघा, आपला किनारा पश्चिमेला, समुद्राकडे तोंड केलं की सकाळी सूर्य पाठीशी, पक्षी समोरून उजळलेला. दुपारनंतर तोच सूर्य डोळ्यात, सगळे पक्षी काळे. मात्र मागे डोंगर असल्याने ऊन पाण्यावर पडायला उशीर होतो, सातला नाही तर साडेसात-पावणेआठला.

एक्सपोजर मॅन्युअल ठेवा. ऑस्प्रेचं डोकं आणि पोट पांढरं, तो आभाळात असतो तेव्हा कॅमेरा वेगळं समजतो आणि सूर मारताना मागे खारफुटी आली की वेगळं, ऑटोवर डोकं जळतंच, म्हणजे नुसतं पांढरंफटक येतं. पक्ष्यावर पडणारं ऊन तर तेच आहे ना, मग एकदा सेट करा आणि हात लावू नका, ढग आला तर तेवढं बदला. मी १/२५०० च्या खाली जात नाही, एफ ६.३, आयएसओ काय येईल तो. १५०-६०० वाली साधी झूम पुरते, कर्ज काढून प्राइम, म्हणजे झूम नसलेली महागडी लेन्स, घेणाऱ्या दोघांना मी ओळखतो, दोघांच्या कपाटात ती बुरशी खातेय.

सराव नाशिकलाच करा. कवड्या खंड्या, तो काळापांढरा, पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि मग दगडासारखा पडतो, ऑस्प्रेपण असाच थांबतो फक्त पाय पुढे टाकून पडतो. खंड्या जमला तर ऑस्प्रे आरामात जमेल, मोठा आणि हळू आहे. आणि पाण्यात घुसतानाच्या क्षणामागे धावू नका, नुसते शिंतोडे येतात. खरा फोटो नंतर, तो सेकंद-दोन सेकंद पाण्यात बसतो, पंख मारत वर येतो, थोडं वर गेला की हवेतच कुत्र्यासारखं अंग झटकतो. बटण सोडू नका तोपर्यंत.

मासे पकडणारा समुद्र गरुड वेगळा, तो बुडत नाही, वरच्यावर मासा उचलतो, कधी सागरी सापही. ब्राह्मणी घारसुद्धा वरूनच उचलते, हर्णै बंदरात मासळीच्या लिलावाच्या वेळी त्या इतक्या असतात की नवशिक्याने पहिला दिवस तिथेच घालवावा. तिच्या तपकिरी पिल्लाचा फोटो ऑस्प्रे म्हणून टाकू नका, मी टाकला होता, अजून चिडवतात.

समुद्र गरुडाचं घरटं मोठ्या झाडावर असतं, वर्षानुवर्षं तेच, गावात सगळ्यांना माहीत असतं आणि कोणीतरी दोनशे रुपयांत दाखवायला तयारही असतो. जाऊ नका. विणीचा काळ हिवाळाच आहे, म्हणजे नेमका आपल्या ट्रिपचा. हे पक्षी १९७२ च्या वन्यजीव कायद्यात परिशिष्ट १ मध्ये आहेत, घरट्याला त्रास देणं गुन्हा आहे, पण कायदा सोडा, आई उडाली की पिल्लू उन्हात पडतं आणि कावळे टपलेलेच असतात. तसंच बोटीतून मेलेले मासे फेकून घारी बोलावणारे. फोटो छान येतो, मान्य, पण त्याला शिकार म्हणू नका, जेवण वाढलेलं आहे ते.

मला दुसऱ्या ट्रिपला, पौषातल्या कृष्ण अष्टमीला, साडेआठच्या सुमारास फोटो मिळाला. मासा थोडा कापला गेलाय फ्रेममध्ये, डोळा मात्र टोकदार. आता घरच्या कालनिर्णयवर आई संकष्टीला गोल करते आणि मी अष्टम्यांना, तिला वाटतं मी कसला तरी उपास धरलाय.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. लेन्सवर खारं पाणी उडालं तर कोरड्या कापडाने घासू नका, आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या कापडाने मीठ उचला. आणि गाडी वाळूवर उतरवू नका, वाळू कितीही घट्ट दिसली तरी. मी उतरवली ती मित्राची होती, उधाणाचा दिवस, बैलजोडीने काढली आणि सीटखालून अजून वाळू निघते.