सौद्यात तोंड न उघडणारा बेदाणावाला

मार्च 2022 मध्ये तासगावच्या बाजार समितीत मी आयुष्यातल्या पहिल्या बेदाणा सौद्याला उभा राहिलो आणि अकरा मिनिटांत बाहेर पळालो. अकरा मिनिटं हे नक्की, कारण तेवढा वेळ मी बेदाण्याकडं कमी आणि घड्याळाकडं जास्त बघत होतो.

ज्यांनी सौदा, म्हणजे बेदाण्याचा लिलाव, पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पंधरा किलोचा बॉक्स फोडतात आणि माल सगळ्यांसमोर ओततात. भोवती व्यापाऱ्यांचं कोंडाळं. मूठभर उचलायचा, रंग बघायचा, दोन दाणे दाताखाली धरायचे, उरलेले तिथंच उधळायचे. पायाखाली नुसती चिकचिक. आणि आवाज! एकाच वेळी दहा जण दर बोलताहेत, त्यातला कुठला खरा आणि कुठला चेष्टेचा हे मुरलेल्यालाच कळतं. शेजारच्या काकांनी कोपरानं ढोसलं, "बोला की पाव्हणं, का नुसतं बघाय आलाय?" झालं. छातीत धडधड सुरू झाली, बोटं बधिर, तोंडाला कोरड. बाहेर येऊन एका टेम्पोच्या चाकाशी बसलो आणि आता इथंच संपणार, घरच्यांना बातमी कोण सांगेल, याचा विचार करत राहिलो.

ईसीजी नॉर्मल आला. "गॅस असेल," असं सांगितलं गेलं आणि मीही दोन महिने इमानेइतबारे गॅसच्या गोळ्या खाल्ल्या.

मी सांगलीचा. 1843 साली मराठी रंगभूमीचा पडदा जिथं वर गेला, ती ही नाट्यपंढरी. या गावात जन्मून मला लग्नाच्या पंगतीत अनोळखी माणसाला "ताक द्या" म्हणायलासुद्धा आधी मनात वाक्य जुळवावं लागतं. एका पतसंस्थेत बारा वर्षं हिशेब लिहिले, ते मागच्या खोलीत. मग साहेबांनी काउंटरवर बसवायचं ठरवलं आणि माझ्या डोक्यात धंद्याचा किडा शिरला. आपला धंदा म्हणजे आपण आपले मालक, कुणाशी बोलायला नको, असा माझा समज होता. हसा खुशाल. माझ्यासारखे बरेच जण याच समजुतीनं धंद्यात उतरतात, म्हणून तर हे लिहायला घेतलं.

बेदाणाच का, तर बायकोचं माहेर कवठेमहांकाळकडचं. सासऱ्यांची बेदाण्याची शेड आहे. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो, तो कसा वाळतो, कसा बिघडतो, हे घरात बसून शिकता आलं. सुरुवात आठ बॉक्सनी केली. 120 किलो माल, 190 रुपयांचा दर, म्हणजे 22 हजार 800 रुपये. बुडाले असते तरी घर चाललं असतं, कारण नोकरी मी पुढं दीड वर्ष सोडली नाही. चिंतेचा त्रास असलेल्यानं कर्ज काढून आणि नोकरी सोडून एकाच दिवशी धंद्याला लागू नये, हे मी अगदी ठासून सांगेन. रात्री दोनला जाग आली की हप्त्याची तारीखच आधी आठवते.

गॅसच्या गोळ्यांनी काही झालं नाही, तेव्हा मिरजेत मनोविकारतज्ज्ञाकडं गेलो. मिरजेला दवाखान्यांचा तोटा नाही, पण ओळखीच्या माणसांचाही नाही. पहिल्या दिवशी मी ओपीडीच्या बाकावर हेल्मेट न काढता बसलो होतो. समोर एक बाई तोंडाला ओढणी गुंडाळून बसल्या होत्या. आम्ही दोघांनी एकमेकांकडं न बघण्याचं काम चोख केलं.

डॉक्टरांनी आधी थायरॉइडची तपासणी करायला लावली, कारण त्यातही अशीच धडधड होते. ती ठीक निघाल्यावर त्यांनी जे सांगितलं, त्यावर माझा सगळा धंदा उभा आहे. ते म्हणाले, "तुम्ही दोन गोष्टींची गल्लत करताय. कमी बोलणं हा तुमचा स्वभाव. त्याला औषध नाही आणि नकोही. तासगावात झालं तो चिंतेचा आजार, त्याला औषध आहे. स्वभावाला सांभाळून घ्या, आजाराला सांभाळून घेऊ नका."

पहिला भाग मला लगेच जमला. सौद्यात उभं राहणं मी बंद केलं आणि एक अडत्या, म्हणजे कमिशनवर व्यवहार करून देणारा मध्यस्थ, धरला. सौद्याच्या दिवशी तो मालाचे फोटो पाठवतो, मी चारनंतर जातो, तेव्हा हॉल रिकामा असतो. नमुना हातात घेऊन बघतो, चावतो, हो किंवा नाही म्हणतो. यापायी किलोमागं दोनतीन रुपये जास्त जातात. त्याला मी माझ्या स्वभावाचा कर म्हणतो आणि हिशेबात वेगळा लिहितो. वर्षाअखेरी आकडा समोर दिसतो आणि परवडतोय की नाही ते कळतं.

विक्रीलाही तसंच. बेकरीत आणि मिठाईच्या दुकानात जाऊन गोड बोलून माल गळ्यात मारणं मला सात जन्मांत जमणार नाही. मी 200 ग्रॅमची नमुन्याची पाकिटं केली, आत छापील दरपत्रक घातलं, वर "घासाघीस नाही, काडी निघाली तर माल परत" एवढंच लिहिलं. दुपारी गिऱ्हाईक नसताना दुकानात जायचं, पाकीट ठेवायचं, नमस्कार करून निघायचं. वीस पाकिटांमागं तीन दुकानं लागली. ती तिन्ही आजही आहेत. काड्या, खडे, काळा दाणा निवडत मी आठ तास एका जागी बसू शकतो. बोलक्या माणसाला ते जमत नाही. आमच्यासारख्यांचं भांडवल हेच, पण ते दरपत्रकावर दिसत नाही, गिऱ्हाइकाला तिसऱ्या ऑर्डरनंतर कळतं. तोवर पोटाला दुसरं काहीतरी हवं.

प्रदर्शनात एकदा स्टॉल घेतला होता. तीन दिवसांपैकी दीड दिवस मी टेबलामागं खोके लावण्याचं नाटक करत होतो. पुढं वहिनींना बसवलं, त्यांना विक्रीवर टक्केवारी दिली. तो विषय तिथंच मिटला.

आता माझी चूक. स्वभावाला सांभाळता सांभाळता मी आजारालाही पाट मांडून दिला. फोन उचलणं बंद केलं, सगळं व्हॉट्सॲपवर आणलं, आणि मला वाटू लागलं की धंदा कसा छान शांतपणे चाललाय. दिवाळीआधी एका व्यापाऱ्यानं 30 बॉक्स उचलले. 450 किलो, 210 रुपयांनी, 94 हजार 500 रुपये. "पंधरा दिवसांत देतो" म्हणाला. पंधरा दिवसांनी मी मेसेज केला, त्यानं निळी खूण दिली, पैसे दिले नाहीत. फोन करायला हवा होता. रोज सकाळी ठरवायचो, नंबर काढायचो, पोटात गोळा यायचा, मोबाइल पालथा घालायचो. ठेवल्या क्षणी जे हायसं वाटायचं ना, तेच या आजाराचं खाद्य आहे, हे मला फार उशिरा कळलं. प्रत्येक टाळलेल्या फोननं पुढचा फोन जड केला. सात महिने गेले. त्या माणसानं मला फसवलं असं मी म्हणणार नाही. त्या एका मेसेजनंतर त्याला कुणी मागितलेच नव्हते.

इलाज दोन अंगांनी झाला. एक गोळी. पहिले दहाबारा दिवस मळमळ आणि उलट जास्तच बेचैनी, त्यामुळं अनेकजण तिथंच सोडतात. मला फरक जाणवायला पाच आठवडे लागले. गोळी मनानं बंद करायची नाही, ही तंबी पहिल्याच दिवशी मिळाली होती. चहा दोनवर आणायला सांगितला, तो मात्र मी तीनवर आणला. दुसरं अंग समुपदेशनाचं. त्यात एक वही करायला लावली. डाव्या पानावर फोनच्या आधी लिहायचं की काय होईल असं वाटतंय, उजव्या पानावर नंतर लिहायचं की काय झालं. माझ्या वहीतली एक ओळ: डावीकडं "ओरडेल, चारचौघांत बदनाम करेल, पुन्हा माल घेणार नाही." उजवीकडं "म्हणाला, जेवतोय, चारला करा." अशी साठेक पानं भरली की डाव्या पानाचा रुबाब उतरतो. आणि पुन्हा झटका आलाच तर तो साधारण दहा मिनिटांत टोकाला जाऊन उतरायला लागतो, एवढं माहीत असणं हाही निम्मा आधार आहे.

दवाखान्यात जायचं धाडस होत नसेल, तर 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे. सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाला. फोनला घाबरणाऱ्याला फोन नंबर देणं विचित्र वाटेल, पण पलीकडचा माणूस गप्प बसलेल्याशी बोलायला सरावलेला असतो.

वसुलीसाठी आता माझ्याकडं वेळ ठरलेली आहे. मंगळवार आणि शुक्रवार, अकरा ते साडेबारा. पहिलं वाक्य कागदावर लिहिलेलं असतं आणि दरवेळी तेच असतं. शिवाय बिलावर उद्यम नोंदणीचा, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा, क्रमांक छापलाय आणि खाली दोन ओळी. माल तयार करणाऱ्या लहान उद्योगाचे पैसे लेखी कराराशिवाय 15 दिवसांत, करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असं 2006 च्या कायद्यात आहे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज. व्याज मी आजवर एकदाही मागितलेलं नाही. पण ज्या गोष्टी माझ्या तोंडून निघत नाहीत त्या कागद बोलतो. उद्यम नोंदणी आधार कार्डावर ऑनलाइन होते, फुकट होते. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

बाकी कागदपत्रं पटकन सांगतो. अन्नपरवान्याची साधी नोंदणी मी काढली तेव्हा 12 लाखांच्या आतल्या उलाढालीला वर्षाला 100 रुपये लागले, काढताना ताजा नियम बघून घ्या. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, पण ते चिन्ह पाकिटावर लावायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. आणि राज्याबाहेर, अगदी बेळगावात, माल विकायचा तर उलाढाल कितीही कमी असो, आधी जीएसटी नोंदणी. मी स्वतः हिशेबनीस, तरी यात अडकलो होतो. मशिनसाठी पीएमएफएमई या लहान अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत मी चौकशी केली तेव्हा 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदान होतं, अजून चालू आहे का ते बघून घ्या. तिथं जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली होती, फाइल करायला आणि बँकेत बोलायला ती मदत करायची, तिचं मानधन सरकार द्यायचं. बँक मॅनेजरच्या केबिनबाहेर ज्याला घाम फुटतो त्याला यापेक्षा मोठं अनुदान नाही. मला हे कळायला वर्ष लागलं, कारण विचारायला गेलोच नव्हतो.

आमच्या बाजारात दिवाळीच्या सुमारास महिनाभर सौदे बंद ठेवतात. सगळ्यांनी सगळ्यांची देणी चुकती करायची, त्याला झिरो पेमेंट म्हणतात. पहिल्या वर्षी हा महिना मला सुटी वाटला होता. आता मी तो पुरेपूर वापरतो. त्या 94 हजार 500 पैकी शेवटचे 20 हजार अशाच एका झिरो पेमेंटमध्ये आले. पैसे मोजून देताना तो व्यापारी म्हणाला, "अहो, तुम्ही विसरला असाल असं वाटलं मला." याच बंदच्या दिवसांत समुपदेशकांनी मला रिकाम्या सौदा हॉलमध्ये नुसतं उभं राहायला पाठवलं. मग सौदे सुरू झाल्यावर दारात. मग भिंतीला टेकून पाच मिनिटं. मग वीस.

यंदाच्या हंगामात एका बॉक्सवर मी दर बोललो. आवाज चिरका निघाला, दोघांनी वळून बघितलं. बॉक्स तीन रुपये जास्तीच्या दरानं दुसऱ्याकडं गेला. शर्ट पाठीला चिकटला होता, तोंड कोरडं पडलं होतं, पण पाय हलले नाहीत. अडत्यानं लांबून हात केला. बाहेर येऊन टपरीवर एक चहा घेतला, मग आणखी एक. तो दिवसातला चौथा होता, आमच्या डॉक्टरांना कुणी कळवू नका.