ईएलडीचा ट्रक चालवायचाय? आधी चौदा तासांचा हिशोब शिका

अमेरिकेत ट्रक चालवायला निघालेल्या नव्या माणसाच्या तोंडी एकच आकडा असतो, अकरा. दिवसाला अकरा तास गाडी चालवता येते, असं त्याला कोणीतरी सांगितलेलं असतं. ते खोटं नाही, पण दिवस आखायचा तो चौदाच्या आकड्यावर. मी आधी लांब पल्ल्याचा ट्रक चालवला, आता एका कंपनीत सेफ्टीच्या टेबलावर ड्रायव्हरांचे लॉग, म्हणजे ट्रकमधल्या ईएलडी (इलेक्ट्रॉनिक लॉगिंग डिव्हाइस) या यंत्रातल्या कामाच्या तासांच्या नोंदी, तपासतो. नव्या मुलांच्या लॉगवर लाल रेघ उमटते ती बहुतेक वेळा इथेच.

नियम फेडरल मोटर कॅरिअर सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशनचे आहेत, रस्त्यावर सगळे 'डीओटी' (वाहतूक खातं) म्हणून मोकळे होतात. मालवाहू ट्रकसाठी मुख्य गोष्ट अशी: सलग दहा तास विश्रांती झाली की पुढच्या चौदा तासांत जास्तीत जास्त अकरा तास ड्रायव्हिंग. घड्याळ सुरू होतं ते कामाला हात लावल्याक्षणी, मग ती प्री-ट्रिप (निघण्याआधीची ट्रकची तपासणी) असो की डिझेल भरणं. एकदा सुरू झालं की जेवण, डुलकी, ट्रॅफिक, कशासाठीही थांबत नाही. चौदा तास उलटल्यावर दुसरं काम करता येतं, ट्रक मात्र चालवता येत नाही. एकूण आठ तास ड्रायव्हिंग झालं की पुढे चालवण्याआधी अर्ध्या तासाचा खंड हवा. २०२० च्या सुधारणेनंतर तो डिझेल भरण्यात किंवा डॉकवर (माल चढवण्या-उतरवण्याच्या धक्क्यावर) गेला तरी चालतो. शिवाय आठ दिवसांत ७० तासांची मर्यादा आहे (आठवड्याचे सातही दिवस गाड्या न चालवणाऱ्या कंपन्यांना सात दिवसांत ६०). सलग ३४ तास सुट्टी घेतली की हा हिशोब पुन्हा शून्यापासून.

आता एक दिवस घेऊ. सकाळी ६ वाजता प्री-ट्रिप सुरू केली, साडेसहाला निघालात, ७ ला शिपरच्या (माल पाठवणाऱ्याच्या) दारात. डॉक रिकामा नाही, लोडिंगवाल्यांची घाई नाही, ट्रेलर भरून हातात पडला ११ वाजता. तुम्ही फक्त अर्धा तास गाडी चालवली आहे आणि चौदाचं घड्याळ रात्री ८ ला संपणार आहे. उरले नऊ तास. त्यातला अर्धा तास डिझेल आणि खंडात जाणार, म्हणजे ड्रायव्हिंगला साडेआठ. रात्री ८ वाजता ईएलडीच्या पडद्यावर अकरातले दोन तास शिल्लक दिसतील आणि ते तुमच्या काही कामाचे नसतील. मैलावर पगार घेणाऱ्याला हे फार लागतं. म्हणून लोड घेताना मैल विचारण्याआधी शिपर किती वेळ घेतो ते विचारा.

याला एक वाट आहे, स्प्लिट स्लीपर, म्हणजे विश्रांती दोन तुकड्यांत घेणं. डॉकवरचे ते चार तास तुम्ही खरोखर मोकळे असाल, ट्रेलर भरण्याची जबाबदारी तुमच्यावर नसेल आणि ते ऑफ ड्यूटी किंवा स्लीपरमध्ये (ट्रकमधल्या झोपायच्या जागेत) नोंदवले असतील, तर नंतर किमान सात तास सलग स्लीपर बर्थमध्ये काढून दोन्हींची जोडी लावता येते. अट एवढीच की लहान तुकडा किमान दोन तासांचा हवा आणि दोन्ही मिळून दहा भरले पाहिजेत. जोडी लागली की ते चार तास चौदातून वजा होतात आणि रात्री ८ ची मर्यादा मध्यरात्रीवर जाते. त्या दिवशी तुम्ही रात्री १० पर्यंत पूर्ण अकरा तास चालवू शकता.

इथे पुढची पायरी कोणी सांगत नाही. रात्री १० ते पहाटे ५ स्लीपरमध्ये झोपलात, तर पहाटे ५ ला नवे अकरा तास मिळत नाहीत. हिशोब लहान तुकडा संपला तिथून, म्हणजे आदल्या दिवशीच्या ११ वाजल्यापासून लागतो. तेव्हापासून साडेदहा तास चालवून झालंय, उरला अर्धा तास. सात तास झोपून उठलेल्या माणसाला हे पटतच नाही, तो यंत्राला दोष देतो. ताजे अकरा हवे असतील तर सलग दहा तास झोपा.

ईएलडी इंजिनाच्या कॉम्प्युटरला जोडलेलं असतं. कागदी लॉगच्या जागी ते डिसेंबर २०१७ पासून सक्तीचं झालं. जुन्या पद्धतीच्या रेकॉर्डरना डिसेंबर २०१९ पर्यंत सवलत होती. २००० सालाआधीच्या मॉडेलचं इंजिन, ठरावीक अंतरात फिरून रोज परतणारे शॉर्ट-हॉल ड्रायव्हर, महिन्यात मोजकेच दिवस लॉग भरावा लागणारे, अशांना सूट आहे. चाकं ताशी ५ मैलांच्या वर फिरली की यंत्र ड्रायव्हिंग लावतं. गाडी सलग पाच मिनिटं उभी राहिली की विचारतं, आणि मिनिटभरात उत्तर दिलं नाही तर स्वतःच ऑन ड्यूटीवर टाकतं. बस, त्याला एवढंच दिसतं. तुम्ही डॉकवर माल मोजत होतात की बर्थमध्ये घोरत होतात, ते तुम्हीच सांगायचं असतं. त्यामुळे यंत्र आलं म्हणून लॉगची जबाबदारी गेली, हा समज काढून टाका. उलट आता खोटी नोंद टोल, डिझेलची पावती आणि डॉकवरच्या वेळेशी ताडून पाहणं फार सोपं झालंय.

यंत्राने आपोआप नोंदवलेला ड्रायव्हिंगचा वेळ कमी करता येत नाही. बाकी नोंदी कारण लिहून दुरुस्त करता येतात, आणि मूळ नोंद मागे राहतेच. कंपनीलाही दुरुस्ती सुचवता येते, पण तुम्ही मान्य केल्याशिवाय ती लागत नाही. डिस्पॅचरचा (कंपनीत लोड वाटून देणाऱ्याचा) मेसेज येतो, 'ते दोन तास ऑन ड्यूटी दिसताहेत, ऑफ करून टाक, ॲक्सेप्ट कर.' त्या दोन तासांत तुम्ही माल उतरवत असाल तर नाही म्हणा. लॉगखाली सही तुमची असते. नियम मोडायला भाग पाडणं हा कंपनीचा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार ९० दिवसांत करावी लागते. मेसेज जपून ठेवा. ड्रायव्हरांच्या छळाचा प्रश्न हवेतला नव्हता: ईएलडीच्या आधीचा असाच एक नियम २०११ साली अपील कोर्टाने याच मुद्द्यावर रद्द केला होता. त्यानंतरच्या नियमात छळाविरुद्धचं कलम आलं, आणि तुम्ही स्लीपरमध्ये असताना यंत्राचा आवाज बंद करता आला पाहिजे, ही बारीकशी अटही.

लॉगिन करताना कधी कधी 'अनआयडेंटिफाइड ड्रायव्हिंग', म्हणजे कोणाच्याच नावावर नसलेलं ड्रायव्हिंग, समोर येतं. यार्डात मेकॅनिकने ट्रक हलवला असेल तर ते तुमचं नाही, नाकारा. तुमचं असेल तर घ्या. न वाचता बोट दाबू नका.

पर्सनल कन्व्हेयन्स (पीसी), म्हणजे ऑफ ड्यूटी असताना खासगी कारणासाठी ट्रक हलवणं, हे सगळ्यात जास्त वापरलं आणि सगळ्यात जास्त वाकवलं जाणारं बटण. रिसीव्हरने माल उतरवेपर्यंत तुमचे तास संपले आणि आवारात थांबू देत नाहीत, तर जवळच्या सुरक्षित जागेपर्यंत पीसीवर जाता येतं, ट्रेलर भरलेला असला तरी. पण ती जागा जवळची पहिली योग्य जागा हवी. पुढच्या लोडच्या दिशेने चाळीस मैल सरकून घेतलेला ट्रक स्टॉप चालत नाही, आणि इन्स्पेक्टरला तो नकाशावर लगेच दिसतो. पार्किंगचं दुखणं मात्र खरं आहे. ज्या २०१२ च्या कायद्याने ईएलडी आणलं, त्याच कायद्यात ट्रक पार्किंगसाठीचं 'जेसन्स लॉ' हे कलम आहे. जेसन रिव्हनबर्ग हा ड्रायव्हर माल पोहोचवायला लवकर पोहोचला, थांबायला सुरक्षित जागा मिळाली नाही म्हणून दक्षिण कॅरोलिनात एका बंद पेट्रोल पंपावर उभा राहिला आणि २००९ च्या मार्चमध्ये तिथे त्याचा खून झाला. रात्री ८ पर्यंत गाडी रेटून मग जागा शोधायची सवय लावू नका. दुपारीच ठरवा, आणि पहिली जागा भरलेली निघाली तर दुसरी कुठली तेही.

तपासणीत अधिकारी बहुतेक वेळा डेटा ट्रान्सफर मागतो. तो एक कोड सांगतो, तुम्ही तो कमेंटच्या चौकटीत टाकून फाईल पाठवता. हे कुठल्या मेनूत आहे ते घरीच बघून ठेवा. ट्रकमध्ये डेटा पाठवण्याची आणि बिघाडाची अशी दोन सूचनापत्रकं आणि किमान आठ दिवस पुरतील एवढे कोरे कागदी लॉग असायलाच हवेत. यंत्र बिघडलं तर २४ तासांत कंपनीला लेखी कळवायचं आणि कागदावर यायचं; दुरुस्तीला कंपनीकडे आठ दिवस असतात. म्हणून कागदी लॉग भरता येणं आजही लागतं.

प्री-ट्रिपबद्दल एवढंच सांगतो की स्टिअरच्या (पुढच्या) टायरला खोबणीची खोली ४/३२ इंच लागते, बाकीच्यांना २/३२, आणि ब्रेक दाबून धरल्यावर हवेचा दाब मिनिटाला ४ पीएसआयपेक्षा जास्त उतरता कामा नये. फ्लॅटबेडवर (उघड्या सपाट ट्रेलरवर) माल बांधला असेल तर पहिल्या ५० मैलांच्या आत उतरून पट्टे तपासा.

धंद्यात शिरतानाची कागदपत्रं थोडक्यात. दुसऱ्या राज्यात जायचं तर वय २१ हवं. क्लास ए सीडीएलसाठी (मोठ्या ट्रेलर-ट्रकच्या व्यावसायिक लायसन्ससाठी) फेब्रुवारी २०२२ पासून सरकारी यादीतल्या शाळेतच प्रशिक्षण घ्यावं लागतं, पैसे भरण्याआधी शाळेचं नाव त्या यादीत पाहा. मेडिकल कार्ड जास्तीत जास्त दोन वर्षांचं. ड्रग टेस्टमध्ये नापास झालात तर नोंद क्लिअरिंगहाउसमध्ये (अशा नोंदींच्या सरकारी यादीत) जाते, आणि नोव्हेंबर २०२४ पासून त्यावरून राज्य सीडीएलच काढून घेतं. तुमच्या राज्यात गांजा कायदेशीर आहे की नाही, याला इथे काडीची किंमत नाही. इंग्रजी बोलता-वाचता येण्याचा नियम जुनाच आहे, पण २५ जून २०२५ पासून त्यावरून ड्रायव्हरला रस्त्यावरच आउट ऑफ सर्व्हिस करतात, म्हणजे ट्रक चालवायला मनाई करतात. आपल्या लोकांना पुस्तकी इंग्रजी येतं. अधिकाऱ्याच्या घाईच्या प्रश्नांना ताबडतोब उत्तर द्यायचा आणि रस्त्यावरच्या पाट्या वाचायचा सराव वेगळा करा. ग्रीन कार्ड नसलेल्यांच्या सीडीएलचे नियमही २०२५ पासून कडक होत आहेत, तेव्हा आपल्या राज्याच्या डीएमव्हीत (लायसन्स देणाऱ्या कार्यालयात) विचारल्याशिवाय फी भरू नका.

कंपनी निवडताना मैलाचा दर सगळेच विचारतात. तुम्ही हेही विचारा: डॉकवर दोन तासांहून जास्त थांबावं लागलं तर पैसे मिळतात का, कितव्या तासापासून? लॉगमध्ये दुरुस्ती कोण सुचवतं, सेफ्टी की डिस्पॅच? ईएलडी बिघडलं तर रात्री २ वाजता फोन कोण उचलतं? तास संपले म्हणून लोड उशिरा पोहोचला तर काय होतं? शेवटच्या प्रश्नाला समोरचा माणूस हसून 'ते आपण बघून घेऊ' म्हणाला, तर दुसरी कंपनी बघा.