वैयक्तिक कर्ज घेताना या चुका टाळा: व्याजाआधी विचारा, याच्यावर वचक कोणाचा?

दवाखाना, लग्न, शाळेची फी, दुकानात भरायचा माल. पन्नास हजार ते दोन लाखांची नड पडली की तालुक्याच्या गावात बरीच दारं उघडी दिसतात: बँक, पतसंस्था, फायनान्स कंपनी, महिलांच्या गटांना कर्ज देणारी मायक्रोफायनान्स, परवानाधारक सावकार आणि खिशातलं ॲप. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, व्याज किती? तो दुसरा असायला हवा. कर्ज देणारा कोणत्या कार्यालयाला बांधील आहे, हे आधी विचारा. हिशेब बिघडला, वसुलीवाला दारात येऊन ओरडू लागला, तर दाद कुठे मागायची हे त्यावरच ठरतं.

पतसंस्थेला बँक समजणं

बँका, फायनान्स कंपन्या आणि मायक्रोफायनान्स यांच्यावर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण असतं. पतसंस्था सहकार खात्याखाली येते: तालुक्याला सहायक निबंधक, त्यावर जिल्हा उपनिबंधक. परवानाधारक सावकारही २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमामुळे याच कार्यालयांच्या कक्षेत येतो. पतसंस्थेविरुद्ध रिझर्व्ह बँकेकडे तक्रार टाकून महिने वाट पाहणारे लोक कमी नाहीत. तिथे त्या तक्रारीचं काहीच होत नाही.

पतसंस्थेत कर्ज मागण्याआधी नोंदणी क्रमांक, तुमचं गाव तिच्या कार्यक्षेत्रात येतं का, आणि ताज्या वार्षिक अहवालातला लेखापरीक्षण वर्ग पाहा. ‘अ’ किंवा ‘ब’ असेल तर कारभार बरा आहे असं धरायला हरकत नाही. ‘ड’ असेल तर सभासद होताना घेतलेले शेअर्स परत मिळतील का, याचाही विचार करा. फायनान्स कंपनीचं नाव रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीत शोधा. पाटीवरचं नाव आणि करारावरचं नाव वेगळं असेल, तर करारावरचं नाव शोधायचं. सावकाराचा परवाना ३१ मार्चपर्यंतच चालतो आणि त्यावर कार्यक्षेत्र लिहिलेलं असतं. शेजारच्या तालुक्याचा किंवा दोन वर्षांपूर्वीचा परवाना भिंतीवर टांगलेला असेल, तर तो नसल्यासारखाच. शंका आली तर सहायक निबंधकांच्या कार्यालयात विचारा.

‘टक्का’ कशाचा, हे न विचारणं

सगळ्यात जास्त पैसा इथे जातो. गावात ‘तीन टक्क्यांनी दिले’ म्हणतात तेव्हा ते महिन्याचे तीन असतात, म्हणजे वर्षाचे ३६. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि बिनतारणीवर १२ टक्के घेता येतात. इतरांकडून तारणी १५, बिनतारणी १८. चक्रवाढ लावता येत नाही आणि व्याजाची एकूण वसुली मुद्दलापेक्षा जास्त होऊ शकत नाही. महिन्याला शेकडा पाच-दहा मागणारा माणूस परवाना दाखवत असेल, तरी तो कायदा मोडतोच आहे.

दुसरा घोळ फ्लॅट दराचा. एक लाख रुपये, दोन वर्षं, १२ टक्के फ्लॅट: व्याज २४,००० आणि हप्ता सुमारे ५,१६७. तेच १२ टक्के घटत्या शिल्लकीवर असतील तर हप्ता सुमारे ४,७०७ आणि एकूण व्याज १३,००० च्या आत. दर महिन्याला मुद्दल फिटत असतं, तरी फ्लॅटमध्ये व्याज शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लागतं, म्हणून हा फरक. फ्लॅट १२ म्हणजे प्रत्यक्षात साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास. ‘आमचा दर बँकेपेक्षा कमी’ असं कोणी म्हणालं, की घटत्या शिल्लकीवरचा हप्ता लिहून मागा.

बाजारपेठेतली रोजची वसुली तर याहून महाग. दहा हजारांचं कर्ज, हजार आधीच कापून नऊ हजार हातात, मग शंभर रुपये रोज, शंभर दिवस. ऐकायला ‘फक्त हजार रुपये’. वर्षाच्या दरात मोजलं तर ७७ टक्क्यांच्या घरात जातं, कारण पैसे पहिल्याच दिवसापासून परत जाऊ लागतात.

मंजूर रक्कम पाहणं, हातात येणारी नाही

प्रक्रिया शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी, विमा, आणि पतसंस्थेत शेअर्सची कपात. लाख मंजूर होऊन ९३-९५ हजारच खात्यात आले, तरी व्याज पूर्ण लाखावर चालतं. बँक किंवा फायनान्स कंपनी असेल तर करारावर सही करण्याआधी मुख्य तथ्य विवरणपत्र मागा. किरकोळ कर्जांसाठी १ ऑक्टोबर २०२४ पासून ते बंधनकारक आहे, आणि त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर एकाच आकड्यात दिलेला असतो. दोन ठिकाणांची तुलना त्याच आकड्यावर करा. मुदतीआधी फेडल्यास काय आकारणार, हेही तिथेच पाहा. वैयक्तिक कर्ज बहुधा स्थिर दराचं असतं आणि त्यावर असं शुल्क लागू शकतं. पतसंस्थेत हा कागद मिळेलच असं नाही. तिथे सगळ्या कपातींसह हप्त्यांचा तक्ता शिक्क्यानिशी घ्या.

मायक्रोफायनान्सचं कर्ज दुसऱ्यासाठी उचलणं

गटातल्या ताईसाठी किंवा भावजयीसाठी स्वतःच्या नावावर कर्ज काढलं, की हप्ता तिचा आणि नोंद तुमची. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला हे कर्ज विनातारण मिळतं. मात्र घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. दुसरीसाठी काढलेलं कर्ज ती मर्यादा खाऊन टाकतं, आणि स्वतःला गरज पडते तेव्हा नकार येतो.

जामीन ‘नुसती सही’ समजणं, कोरा चेक देणं

जामीनदार कर्जदाराइतकाच जबाबदार असतो. पतसंस्था थकबाकीसाठी सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मागते, त्यात जामीनदाराचंही नाव असतं आणि मग पगारातून कपात सुरू होऊ शकते. १०१ ची नोटीस आली की गप्प बसणं ही महागातली चूक. सुनावणीला जा, भरलेल्या पावत्या आणि आकड्यांवरच्या हरकती लेखी द्या. दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर आधी येणं रकमेच्या निम्मे पैसे भरावे लागतात.

कोरा चेक, कोरा स्टॅम्प, रक्कम न लिहिलेली वचनचिठ्ठी कोणालाही देऊ नका. सावकाराला तर असे कोरे कागद घ्यायला कायद्यानेच मनाई आहे. जमिनीचं ‘नावापुरतं’ खरेदीखत हा सगळ्यात धोक्याचा प्रकार. ते झालंच असेल आणि व्यवहार बेकायदा सावकारीतला असेल, तर पंधरा वर्षांच्या आतल्या व्यवहारासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. चौकशीत सावकारी सिद्ध झाली तर जमीन परत मिळू शकते. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. पुरावा म्हणून खात्यावरचे व्यवहार, मेसेज, साक्षीदार जपून ठेवा. म्हणूनच रोखीने हप्ता देऊन पावती न घेणं एवढं अंगाशी येतं.

कर्जाआधीच पैसे भरणं

‘फाइल चार्ज’, ‘विमा’, ‘जीएसटी’ आधी यूपीआयवर पाठवा म्हणणारा ठग समजा. खरं शुल्क कर्जाच्या रकमेतून कापलं जातं. ॲप फोनमधले संपर्क किंवा फोटो मागत असेल तर तिथेच थांबा. तशी परवानगी घेणं नियमात बसत नाही. पैसे कर्ज देणाऱ्या बँकेच्या किंवा कंपनीच्याच खात्यातून तुमच्या खात्यात यायला हवेत. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर २०२५ पासून अशा ॲपची यादी आहे, ती आधी बघा. फसलात तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर फोन करा. उशीर झाला की पैसे खात्यांतून पुढे सरकत राहतात.

आता अडकलोय, तर?

अर्ज नाकारला गेला की त्याच आठवड्यात आणखी पाच ठिकाणी अर्ज करू नका. प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि तुमची पत दाखवणारे गुण (क्रेडिट स्कोअर) घसरतात. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स, सीआरआयएफ हाय मार्क या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. आधी तो काढून फेडलेलं कर्ज ‘चालू’ दिसतंय का, तपासा.

हप्ता चुकणार हे कळलं तर तारखेच्या आधी शाखेत लेखी कळवा. चुकल्यावर बँकेचा वसुलीवाला सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाही. तसं झालं तर बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी क्रमांक १४४४८.

कर्ज फिटल्यावर बेबाकी दाखला (काही येणं बाकी नाही असा), चेक आणि मूळ कागद परत घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. नंतर अहवाल पुन्हा पाहा. नोंद चुकीची राहिली असेल तर लेखी तक्रार करा; ३० दिवसांत ती सुटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी.