केस गळायला लागल्यावर पुरुषांनी काय करायचं: भोवऱ्यापासून भुवयांपर्यंत

औषधाच्या दुकानात जाण्याआधी फोटो काढा. न्हाल्यावर केस पूर्ण वाळले की चार फोटो घ्यायचे: समोरून, दोन्ही कानशिलांकडून आणि वरून भोवऱ्याचा. दर महिन्याला त्याच जागी, त्याच दिव्याखाली, केस साधारण तेवढेच लांब असताना. ओले किंवा तेल चोपडलेले केस एकमेकांना चिकटतात, मधली टाळू उघडी पडते आणि दाट केसही विरळ दिसतात. हे फोटो नसतील तर सहा महिन्यांनी औषध लागू पडलं की नाही हे कुणीच नीट सांगू शकत नाही.

रोज ५० ते १०० केस जाणं नैसर्गिक आहे. त्याहून जास्त जात असल्याची शंका असेल तर एक सोपी चाचणी घरी करता येते. एक दिवस डोकं धुऊ नका. मग साधारण ५०-६० केसांची बट बोटांच्या चिमटीत मुळाशी धरा आणि सावकाश टोकापर्यंत ओढत आणा. पाच-सहापेक्षा जास्त केस हातात आले तर गळती वाढलेली आहे. दुसरी खूण याहून महत्त्वाची. भोवऱ्याजवळचा एक केस आणि मानेच्या वरचा एक केस पांढऱ्या कागदावर शेजारी-शेजारी ठेवा. भोवऱ्याचा केस स्पष्ट बारीक दिसत असेल, तर बहुधा ही आनुवंशिक टक्कल आहे, मग कंगव्यात केस कितीही कमी येत असोत.

असं का होतं? टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं संप्रेरक बनतं. कपाळाचे कोपरे आणि भोवरा इथली केसांची मुळं त्याला जास्त संवेदनशील असतात, मानेवरची नसतात. मूळ लगेच मरत नाही, ते आकसतं. जुना केस गळून नवा येण्याच्या दर फेरीला तो आधीपेक्षा बारीक आणि आखूड उगवतो, शेवटी नुसती लव उरते. म्हणून लव दिसतेय तिथे उपचाराने बरंच हाती लागतं. गुळगुळीत, चकाकणाऱ्या टाळूवर औषध केस उगवून देत नाही. वर्ष-दोन वर्षं तेलं बदलण्यात घालवली की नुकसान होतं ते इथेच.

गळती डोकंभर सारखी असेल तर मागचे दोन-तीन महिने आठवा. डेंग्यू, टायफॉइड, ऑपरेशन, झपाट्याने कमी केलेलं वजन, यानंतर इतक्याच अंतराने मूठ-मूठ केस जातात आणि बहुतेकांचे सहा महिन्यांत परत येतात. इथे हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, डी आणि बी-१२ जीवनसत्त्वं तपासून घ्यावीत. नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई. तिचे उपचार वेगळे, त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञच हवा.

काहीही न तपासता ‘केसांच्या गोळ्या’ सुरू करू नका. बायोटिन या जीवनसत्त्वाची कमतरता क्वचितच असते, आणि जास्त डोस घेत असाल तर थायरॉइडच्या रक्ततपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात. सेलेनियम हे खनिज तर जास्त झालं की केस उलट गळतात. जानेवारी २०२५मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळून टक्कल पडलं, तेव्हा विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या जास्त सेलेनियमकडे बोट दाखवलं होतं.

औषध लावायचं कसं

आनुवंशिक टक्कलीवर भक्कम पुरावा असलेली औषधं मुख्यतः दोन. पहिलं मिनॉक्सिडिल, पुरुषांसाठी ५ टक्क्यांचं. एका वेळी १ मिली, दिवसातून दोनदा. म्हणजे ६० मिलीची बाटली महिनाभर पुरते. तुमची तीन महिने चालत असेल तर तुम्ही कमी लावताय. टाळू कोरडी हवी. बोटांनी भांग पाडा, ड्रॉपरचं टोक टाळूजवळ धरून थेंब सोडा, पसरवा, मग शेजारी दुसरा भांग. बहुतेकांची चूक अशी की औषध केसांवर पडतं आणि टाळूपर्यंत पोचतच नाही. नंतर हात धुवा, चार तास डोकं धुऊ नका. रात्रीचा डोस झोपायच्या दोन-तीन तास आधी लावा. ओला राहिला तर उशीवरून चेहऱ्याला लागतो आणि गालांवर लव वाढते. घरात मांजर असेल तर फार जपा, हे औषध थोडंसं चाटलं तरी मांजराच्या जिवावर बेततं.

सुरुवातीच्या दोन ते आठ आठवड्यांत केस जास्त गळतात. जुना केस सुटून नवा यायला जागा होते, म्हणून. पुष्कळ जण नेमके इथेच घाबरून बाटली टाकून देतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि औषध बंद केलं की मिळवलेले केस तीन-चार महिन्यांत जातात. खाज, लाली आली तर ती बऱ्याचदा द्रावणातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलमुळे असते. फोममध्ये ते नसतं, त्यामुळे फोम सोसतो. हृदयविकार असेल किंवा रक्तदाब कमी राहत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

दुसरं फिनास्टेराइड, रोज १ मिग्रॅची गोळी. अमेरिकेत टक्कलीसाठी तिला १९९७मध्ये मान्यता मिळाली. ती डीएचटी कमी करते, म्हणजे थेट कारणावरच काम करते. ती फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीने घ्यायची. थोड्या पुरुषांना कामेच्छा कमी होणं, ताठरतेची अडचण किंवा उदासपणा जाणवतो. तसं वाटलं तर लाजून गप्प बसू नका, लगेच सांगा. प्रोस्टेट ग्रंथीसाठी करतात त्या पीएसए या रक्ततपासणीचा आकडा ती जवळपास निम्मा करते, म्हणून तपासणीआधी गोळीचा उल्लेख करायलाच हवा. गरोदर बाईने फुटलेल्या गोळीला हात लावू नये, आणि गोळी घेणाऱ्या पुरुषाने ती बंद करून महिना होईपर्यंत रक्तदान करू नये.

कोंडा असेल तर २ टक्के केटोकोनाझोल शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस पाच मिनिटं टाळूवर ठेवून, दोन ते चार आठवडे. तोवर तेल बंद, कारण कोंड्याची बुरशी तेलावरच पोसते. एरवी खोबरेल चांगलंच आहे: केसात शिरतं, धुताना होणारी झीज कमी करतं. पण गेलेला केस ते परत आणत नाही. हेल्मेटनेही टक्कल पडत नाही. आत सुती रुमाल बांधा, आठवड्याला धुवा, हेल्मेट बिनधास्त घाला.

विरळ केस लपवायला ते लांब वाढवू नका. कडेचे केस मशीनने बारीक, वरचे दोन-तीन सेंटिमीटर, असा काप सांगा. कडा बारीक झाल्या की वरचे दाट वाटतात. चकचकीत जेल टाळू दाखवतं, चमक नसलेलं वॅक्स हरभऱ्याएवढं पुरतं.

भुवया

भुवयांचे केस विरळ होत असतील तर आधी कारण बघा. बाहेरचा एक तृतीयांश भाग जात असेल तर थायरॉइड तपासा. पिवळसर खपल्या असतील तर तो कोंड्याचाच भाऊबंद. भुवया झडताहेत आणि अंगावर फिकट, बधिर चट्टाही आहे, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध मोफत मिळतं आणि रोग पूर्ण बरा होतो. खाजेसाठी स्टेरॉइडची मलमं मनाने लावू नका, कातडी पातळ होते. मिनॉक्सिडिलही भुवयांवर आपल्या मनाने नको, डोळ्यात ओघळतं. एरंडेलाने चमक येते, वाढीचा भरवसा नाही.

आकार देताना पुरुषांनी थोडक्यावर थांबावं. आंघोळीनंतर जुन्या स्वच्छ टूथब्रशने भुवयांचे केस वर विंचरा. वरच्या रेघेबाहेर जाणारी टोकंच छोट्या कात्रीने कापा. मग खाली विंचरून तसंच करा. पेन्सिल नाकपुडीच्या कडेला उभी धरा. दोन्ही बाजूंच्या पेन्सिलींच्या मधे येतात तेवढेच केस चिमट्याने, उगवतात त्या दिशेने काढा, आणि कडेचे दोन-तीन केस राहू द्या, नाहीतर भुवया कोरल्यासारख्या दिसतात. वयानुसार लांबलेले केस उपटू नका, कापा. उपटले की मधे खळगा दिसतो. सलूनमध्ये दोरा फिरवायच्या आधीच सांगा: ‘फक्त मधले काढा, वरच्या रेघेला हात लावू नका.’ चुकून जास्त निघाले तर भरून यायला तीन-चार महिने लागतात. तोवर काळपट तपकिरी पेन्सिलने केसाच्या दिशेने बारीक रेघा ओढा आणि कापसाने हलकेच पुसट करा.